‘पॉइंट’मध्ये काय धरलंय, ते कोटेशनमध्ये लिहा

प्रश्न सांगलीतल्या एका तरुण वायरमनचा आहे. आयटीआय झालेलं, काही वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली, आता दोन वर्षं स्वतःची कामं. विश्रामबागेत एका टू बीएचके फ्लॅटचं जुनं वायरिंग काढून नवं कन्सील वायरिंग (भिंतीच्या आतून पाइपातून नेलेलं) त्यांनी केलं. आधी व्हॉट्सॲपवर एकच ओळ पाठवली होती, ‘लेबर रेट पॉइंटला ३८०’, म्हणजे माल सोडून नुसती मजुरी. काम संपल्यावर यांनी मोजले ७१ पॉइंट, मालकांनी मोजले ५४. मधल्या १७ पॉइंटचे ६,४६० रुपये अडकलेत. फरक कुठला, तर बोर्डावरचे ९ प्लग, टू-वेचे (एकच दिवा दोन जागांवरून चालू-बंद करायची जोडणी) ४ आणि मागाहून सांगितलेले ४. त्यांचं म्हणणं, ‘तोंडी दर सांगितला की शेवटी वाद होतो, आणि सविस्तर कोटेशन दिलं की गिऱ्हाईक कमी दरवाल्याकडे जातं. मग लिहायचं तरी कसं?’

मी कोल्हापुरात सत्तावीस वर्षं वायरिंगची कामं घेतोय. पहिली सात-आठ वर्षं मीही चिठ्ठीवर दर लिहून द्यायचो आणि शेवटच्या दिवशी मालकाच्या हॉलमध्ये उभं राहून बोटं मोजायचो. म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

तुमचा वाद ३८० या आकड्यावर झालेलाच नाही. मालकांनी ३८० मान्य केले होते. वाद ‘पॉइंट’ या शब्दावर झाला. तुमच्या डोक्यात पॉइंट म्हणजे जिथे जिथे वायर नेऊन टोक जोडावं लागतं ती प्रत्येक जागा. मालकांच्या डोक्यात पॉइंट म्हणजे भिंतीवर किंवा छताला दिसणारी वस्तू: एक ट्यूब, एक पंखा, एक बोर्ड. बोर्डावर पाच स्विच आणि दोन प्लग असले तरी त्यांना तो एक बोर्डच दिसतो. दोघंही खोटं बोलत नाहीत. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या इलेक्ट्रिकल दरसूचीत पॉइंट वायरिंगच्या आयटमपुढे वायर कोणत्या मापाची, पाइप कसला, स्विच धरलाय की नाही, हे सगळं त्या आयटममध्येच लिहिलेलं असतं. सरकारी कामात मोजणीवरून होणारे वाद त्यामुळेच बरेच आटोक्यात राहतात. घरगुती कामात आपण तेवढंच गाळतो आणि फक्त दर कळवतो.

मी माझ्या कोटेशनमध्ये लाइट पॉइंट कसा लिहितो, तो मजकूर जसाच्या तसा देतो (झिरी म्हणजे पाइप बसवायला भिंतीत कापलेली खाच):

‘लाइट पॉइंट, २४ नग. स्विचबोर्डपासून दिव्याच्या जागेपर्यंत झिरी मारून २० मिमी पीव्हीसी पाइप टाकणे, त्यातून फेज, न्यूट्रल आणि हिरवी अर्थ वायर (तिन्ही १.५ चौरस मिमी) ओढणे, बोर्डात एक स्विच जोडणे, टोकाला साधा होल्डर किंवा ट्यूब बसवून चालू करून दाखवणे. झुंबर, प्रोफाइल लाइट आणि फॉल्स सीलिंगमधले दिवे यात धरलेले नाहीत, त्यांचा दर खाली वेगळा दिला आहे.’

पाच ओळी होतात. पण यातली प्रत्येक ओळ कधी ना कधी झालेल्या वादातून आलेली आहे. ‘चालू करून दाखवणे’ हे शब्द मी मुद्दाम घातले, कारण एका घरी पंखे आणि दिवे मालकांनी आमचं काम संपल्यावर दीड महिन्यानं आणले, आणि ते लावायला मी फुकट यावं अशी त्यांची अपेक्षा होती. आता खाली लिहितो, की फिटिंग काम चालू असताना हजर असेल तर बसवणं दरात आहे, मागाहून बोलावलं तर फेरीचे वेगळे पैसे.

याच पद्धतीनं पंखा, बोर्डावरचा ६ अँपिअरचा प्लग, स्वतंत्र बॉक्समधला प्लग, १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट, एसी पॉइंट, टू-वे, बेल, टीव्ही आणि इंटरनेटची वायर, इन्व्हर्टरची वेगळी लाइन, डीबी (घरभर वीज वाटणारी मुख्य पेटी) बसवणं, मीटरपासून डीबीपर्यंतची मेन वायर, अर्थिंग, हे सगळे वेगवेगळे लिहा. बोर्डावरचा प्लग मी अर्धा पॉइंट धरतो, कारण बोर्डापर्यंत झिरी आणि पाइप आधीच आलेला असतो. काही जण पूर्ण धरतात, काही अजिबात धरत नाहीत. कसंही धरा, पण लिहून धरा. टू-वेचं तर नक्की लिहा. जिन्यातल्या किंवा बेडच्या उशाशी दुसऱ्या स्विचसाठी जवळजवळ दुप्पट वायर लागते, आणि मालकांना त्यात एकच दिवा दिसतो.

पॉइंट मोजायचे कसे? फोनवरून नाही. घरी जा, खोलीतून खोलीत फिरा, आणि मालकांना, शक्यतो घरातल्या बाईंनाही, सोबत घ्या. मिक्सर कुठे, ओव्हन कुठे, पाण्याचं मशीन कुठे, इस्त्री कोणत्या खोलीत, हे त्यांनाच ठाऊक असतं. त्या न बोलता राहिल्या तर तेच पॉइंट झिरी बुजवल्यावर निघतात. मी खडू घेऊन जातो आणि भिंतीवर बोर्डाच्या जागी चौकोन काढून आत आकडा लिहितो: ५ स्विच, २ प्लग. मग प्रत्येक भिंतीचा फोटो. तो फोटो कोटेशनबरोबर पाठवतो. या एका सवयीनं माझे निम्मे वाद मिटलेत.

आता दराकडे येऊ. ‘कमी दरवाल्याकडे जातात’ असं तुम्ही म्हणता. आधी स्वतःचा दर कुठून येतो ते तुम्हाला ठाऊक आहे का? बहुतेक वायरमन शेजारच्याचा दर ऐकून त्यात वीस-पंचवीस रुपये कमी करून सांगतात. शेजाऱ्यानं काय धरलंय हे माहीतच नसतं. त्यापेक्षा दिवस मोजा. समजा, राहत्या टू बीएचकेत ६२ पॉइंट आहेत. झिरी आणि पाइप ५ दिवस, बॉक्स पक्के करून झिरी भरायला १, वायर ओढायला ३, बोर्ड, डीबी आणि फिटिंग ३, टेस्टिंग आणि राहिलेलं १. झाले १३ दिवस. तुमची हजेरी १,२०० आणि हेल्परची ७०० धरली तर रोजचे १,९००, म्हणजे २४,७००. कटरची ब्लेड, ड्रिलचे बिट, पेट्रोल मिळून २,०००. आधी मोजायला आणि नंतर तक्रार बघायला जाण्यात तुमचे दोन दिवस जातातच, ते २,४००. एकूण २९,१००. त्यावर १५ टक्के नफा धरला तर ३३,४६५. याला ६२ नी भागा, पॉइंटला साधारण ५४० येतात. हजेरीचे आकडे मी हिशेब दाखवायला घेतलेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला. पण रीत हीच ठेवा. हा हिशेब केला की कळतं, ३८० मध्ये तुम्ही तुमच्या स्वतःच्या हजेरीतलेच पैसे सोडून देत होता. आणि नफा म्हणजे तुमची हजेरी नव्हे. हजेरी तुम्ही काम केल्याची. नफा तुम्ही जोखीम घेतल्याचा, पंधरा दिवस काम नसण्याचा, पुढच्या वर्षी मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) दुरुस्त करायचा.

राहत्या घराचं काम आणि रिकाम्या घराचं काम यांचा दर सारखा ठेवू नका. राहत्या घरात रोज संध्याकाळी दिवे चालू करून द्यावे लागतात, सामान हलवावं लागतं, दुपारी दोन ते चार झिरी मारता येत नाही. माझे दिवस तिथे सव्वापट लागतात. हे कोटेशनमध्ये सरळ लिहा, ‘घर राहतं आहे असं धरून दर’. मालक आठवडाभर दुसरीकडे राहायला तयार असतील तर दर कमी करता येतो, तोही लिहा. लोक खूश होऊन ऐकतात, कारण दर कमी करण्याचा एक मार्ग त्यांच्या हातात येतो.

यानंतर लिहायची ती ‘यात धरलेलं नाही’ची यादी. तुमच्या कोटेशनमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे असं मी मानतो, आणि नवी मुलं नेमका हाच टाळतात, मालक बिचकतील या भीतीनं.

एकदा राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावरच्या घराचं वायरिंग होतं, लिफ्ट नाही. झिऱ्या मारून झाल्यावर पोत्यांत भरलेला राडारोडा जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला. मी म्हणालो, आमचं काम वायरिंगचं. मालक म्हणाले, तुम्हीच केलाय, तुम्हीच न्या. दोघांचंही बरोबर होतं, कारण लिहिलं कुठेच नव्हतं. शेजारच्यांनी तक्रार केली. शेवटी मी आणि माझ्या पोरानं चाळीसेक पोती खाली उतरवली आणि टेम्पोचं भाडंही मीच दिलं. तेव्हापासून माझ्या कोटेशनमध्ये एक ओळ कायम आहे: ‘राडारोडा पोत्यांत भरून घराच्या दारापर्यंत आणून देणे दरात आहे. खाली नेणे आणि टेम्पो मालकांकडे.’ कुणी म्हणालं तुम्हीच न्या, तर मजल्याप्रमाणे आकडा सांगतो. आजवर एकानंही त्यावर वाद घातलेला नाही.

दुसरी गोष्ट जुन्या तांब्याची. जुनं वायरिंग काढलं की काही किलो तांबं निघतं, आणि भंगारात त्याला चांगला भाव असतो. आपल्यात समज अशी की काढणाऱ्याचं. मालकांची समज अशी की घर माझं, वायर माझी. एका घरी माझ्या हेल्परनं सवयीनं वायर पिशवीत भरली आणि मालकांनी गेटवर पिशवी उघडायला लावली. त्या पोराचा चेहरा मला अजून आठवतो. तो चोर नव्हता. चूक माझी, मी आधी बोललो नव्हतो. आता लिहितो: ‘निघालेली जुनी वायर आणि साहित्य मालकांचे. एका जागी ठेवून ताब्यात दिले जाईल.’ तुम्हाला ते तुमच्याकडे हवं असेल तर तसं लिहा आणि तेवढा दर कमी करा.

बाकीच्या ओळी पटकन सांगतो. झिरी सिमेंटनं भरणं आपलं, पुट्टी आणि रंग मालकांचा. फॉल्स सीलिंगला भोकं पाडणं पीओपीवाल्याचं. लोड वाढवायचा असेल तर महावितरणचं शुल्क मालकांचं, कागद आपण करून देऊ. आरसीसीच्या कॉलमला आणि बीमला झिरी मारणार नाही, तिथे पाइप वळवून नेऊ किंवा वरून पट्टी टाकू. ही शेवटची ओळ वाचून मालक विचारतात, ‘का?’ मग त्यांना समजावता येतं की आत सळई आहे, तिथे कटर चालवला तर इमारतीचं नुकसान. कमी दरवाला हे सांगत नाही, तो कटर चालवतो. तुम्ही लिहिलं म्हणून तुमच्यावर विश्वास बसतो.

स्लॅबमधले जुने पाइप वापरायचे असतील तर अजून एक ओळ हवीच. जुन्या पाइपातून वायर जाईल की नाही, हे वायर ओढायची स्प्रिंग घालून बघेपर्यंत देवालाही सांगता येत नाही. म्हणून, ‘जुना पाइप तुंबलेला निघाल्यास त्या पॉइंटला नवीन मार्गाचा दर अमुक’ असं आधीच आकड्यासह लिहून ठेवा. आकडा आधी लिहिला की तो नियम वाटतो, नंतर सांगितला की तीच अडवणूक वाटते.

मटेरियलसह काम घेत असाल तर कंपनी, मालिका आणि माप नावानिशी लिहा. नुसतं ‘चांगल्या कंपनीची वायर’ लिहू नका. ‘किंवा समकक्ष’ हे शब्द तर कधीच लिहू नका. पॉलिकॅब किंवा फिनोलेक्स, एफआर (सहज आग न धरणारी), दिव्यांना १.५, प्लगला २.५, गिझर आणि एसीला ४ चौरस मिमी, ९० मीटरची कॉइल, इतक्या कॉइल. मालकांना १.५ आणि २.५ मधला फरक कळत नसतो, तो सांगण्याची जागा कोटेशनच आहे. गिझर ३ किलोवॅटचा असेल तर २३० व्होल्टला तो १३ अँपिअर खेचतो, हे एका ओळीत लिहिलं तर दिव्याची वायर गिझरला का चालत नाही ते कुणालाही समजतं. कापलेली कॉइल दुकानदार परत घेत नाही, तेव्हा उरलेली वायर कुणाची तेही लिहा. तांब्याचा भाव हलला की वायरचा दर हलतो, म्हणून मटेरियलच्या दराला मी १५ दिवसांची मुदत घालतो, लेबरला ३० दिवसांची. मला विचाराल तर सुरुवातीची काही वर्षं लेबर रेटवरच काम घ्या, मालाची यादी लिहून द्या आणि दुकानाचं बिल मालकांना थेट भरू द्या. पैसा कमी सुटतो, पण वायर महाग लावली की स्वस्त, हा संशय तुमच्या डोक्यावर राहत नाही.

एका बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच) मी ‘हवं असल्यास’च्या रकान्यात टाकत नाही. दर कमी दिसावा म्हणून बरेच जण ते टाकतात. मालकांना वाटतं, झुंबर नको, डिमर नको, तसं हेही नको. कोल्हापूर-सांगलीचा पाऊस तुम्ही बघता. जुलैमध्ये भिंतीला हात लावला तर ओल हाताला लागते. अशा भिंतीत आपण वायर टाकून येतो आणि त्या घरात लहान पोरं असतात. झुंबर पर्यायी ठेवा, टू-वे पर्यायी ठेवा. हे दोन मूळ रकमेत घ्या, आणि त्यामुळे काम गेलं तर जाऊ द्या.

पैशाचे टप्पे दिवसांवर लावू नका, कामावर लावा. ‘दहा दिवसांनी दुसरा हप्ता’ लिहिलं आणि फरशीवाल्यानं काम अडवलं, तर तुम्हाला मागताही येत नाही. मी लेबरचे २५ टक्के कामाला हात लावताना घेतो, ३५ टक्के पाइप आणि बॉक्स पूर्ण झाल्यावर, ३० वायर ओढून झाल्यावर आणि १० टेस्टिंग करून ताबा देताना. वायर भिंतीत जाण्याआधी ६० टक्के हातात आलेले असले पाहिजेत. शेवटचे १० टक्के मालकांकडे राहतात, म्हणून त्यांनाही धीर असतो. टेस्टिंग म्हणजे काय तेही लिहा: प्रत्येक सर्किट ५०० व्होल्टच्या मेगरनं तपासून रीडिंग लिहून देणार. एक मेगओहमच्या खाली आलं तर मी ते सर्किट चालू करत नाही. हा कागद फार थोडे लोक देतात. एका घरी दिला की त्या जिन्यातली दुसरी कामं चालत येतात.

वाढीव कामाचा दरही पहिल्याच कोटेशनमध्ये द्या. झिरी उघडी असताना वाढलेला पॉइंट त्याच दरानं, झिरी बुजवल्यावर दुप्पट. आणि वाढलेला पॉइंट करण्याआधी व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका: ‘बेडरूममध्ये एक प्लग वाढला, एकूण ६३, जादा ५४०, चालेल का?’ उत्तरात ‘हो’ आल्याशिवाय कटर हातात घ्यायचा नाही. मालक समोर उभे राहून ‘घाला हो, बघू नंतर’ म्हणतात तेव्हा हे अवघड जातं, मला ठाऊक आहे. तेव्हा एवढंच म्हणायचं, ‘साहेब, मी विसरतो म्हणून लिहून ठेवतो’, आणि त्यांच्यासमोरच मेसेज टाकायचा.

कराचं थोडक्यात. तुमची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि जीएसटी नोंदणी नसेल, तर कोटेशनवर ‘जीएसटी वेगळा’ असं लिहू नका. तो घ्यायचा अधिकारच तुम्हाला नाही. सोसायटीचं काम घेतलंत तर एका बिलाची रक्कम ३० हजारांवर गेली की ती एक टक्का टीडीएस कापून पैसे देईल, त्यासाठी पॅन द्या. पॅन नसेल तर २० टक्के कापतील. आणि कोटेशनच्या माथ्यावर लायसन्स नंबर असू द्या. विद्युत ठेकेदाराचं लायसन्स तुमचं स्वतःचं नसेल तर ज्या लायसन्सधारकाखाली काम करता त्यांचा लिहा. नव्या कनेक्शनला टेस्ट रिपोर्ट त्यांच्याच सहीनं जाणार आहे.

आता गिऱ्हाईक निघून जाण्याचा प्रश्न. कोटेशन नुसतं पाठवून दिलं तर मालक शेवटची रक्कम बघतात आणि दुसऱ्याच्या रकमेशी ताडतात. ते कागदावर घेऊन जा, समोर बसून वाचून दाखवा. दहा मिनिटं लागतात. दुसऱ्याचा दर ४०० आहे असं ते म्हणाले तर त्याला नावं ठेवू नका. एवढंच म्हणा, ‘त्यांना हे पान दाखवा आणि यातलं काय काय ४०० मध्ये धरलंय त्यावर खूण करून घ्या.’ माझ्या अनुभवात अशी निम्मी माणसं परत येतात. उरलेली येत नाहीत, आणि त्यांच्याकडे जे वायरिंग ४०० मध्ये होणार आहे ते तुम्हाला परवडलंही नसतं.

राहिला तुमचा विश्रामबागेतला हिशेब. रविवारी सकाळी, मालक निवांत असतील तेव्हा जा. ७१ चा आग्रह घेऊन जाऊ नका. मागाहून सांगितलेले ४ पॉइंट त्यांना जागेवर दाखवा आणि त्याचे पूर्ण १,५२० मागा. ते नाही म्हणणार नाहीत, कारण सांगितल्याचं त्यांनाही आठवत असेल. बोर्डावरचे ९ प्लग अर्ध्या दरानं धरा, १,७१०. टू-वेचे ४ सोडून द्या, ते तुम्ही सांगितलेच नव्हते. एकूण ३,२३०. जाताना मेगर सोबत घ्या, सगळी सर्किट त्यांच्यासमोर तपासा, आणि रीडिंग कागदावर लिहून सही करून त्यांच्या हातात द्या. पैशाचं बोलणं त्यानंतर काढा.